दारापासून दारापर्यंत

हटवारकाकांपुढे "विमानानं दोन तासांत पोचलो" असं म्हणायची भिलाईत कुणाची छाती नाही. निदान आमच्या जुनवानीच्या गल्लीत तरी नाही. काका चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "कोनते दोन घंटे? दारापासून दारापर्यंत सांग!"

काका रेल्वेत गार्ड होते. दुर्ग-नागपूर करण्यात सगळी नोकरी सरली. मी पहिल्यांदा विमानानं रायपूरहून बंगलोरला जाऊन आलो, तेव्हा त्यांनी मला ओट्यावर बसवून हिशेब घेतला. आंघोळीचं पाणी तापायचा वेळ धरला. गॅस बंद आहे की नाही ते बघायला बायकोनं कुलूप उघडायला लावलं, तेही धरलं. रायपूरच्या रस्त्यावर कुम्हारीला लागलेला जाम, बंगलोरची टॅक्सी आणि विमानतळावर तपासणीसाठी पट्टा काढणं-घालणं. "पट्टा घालाले तुले जास्तच टाइम लागला असन. पोट वाढून राहिलं तुयं!" शेवटी निकाल दिला, "गेला का नाही पुरा दिवस? गाडीनं गेला असता, तर रस्त्यात पुरी-भाजी तरी भेटली असती."

एका लग्नात नवरदेवाचे मामा विमानप्रवासाची ऐट मिरवत होते. काकांनी त्यांचाही हिशेब काढला. तो संपेपर्यंत पंगत उठली. दोघंही उपाशी राहिले, पण काका खुशीत होते.

काका असे तावातावानं बोलू लागले की मला दुर्ग स्टेशन आठवतं. आमच्या लहानपणी सुट्टीत कुणी नागपूरला निघालं, की अर्धी गल्ली पोचवायला यायची. काकांची मुलगी छाया आणि मी खिडकीसाठी भांडायचो. गाडी आपल्या बाबांच्या हिरव्या झेंडीनं हलते, म्हणून खिडकी आपलीच, असं तिचं म्हणणं. तिच्यापुढे माझं काही चालायचं नाही. किती मजेचे दिवस होते ते! आता छाया लग्न होऊन बंगलोरला असते.

गेल्या वर्षी ती महालक्ष्म्यांना येणार होती. काकूंनी तिच्या आवडीची आंबील केली होती. ऐन वेळी फोन आला, रजा मिळाली नाही. मी तिथेच होतो. काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "दोन घंट्याचं तर विमान आहे. एका दिवसासाठी येता नाई आलं तिले?"

"कोनते दोन घंटे?" काका उसळले. या वेळी हिशेब छायाच्या दारापासून सुरू झाला. लेकराची शाळा, डबा, तिथली ट्राफिक, मग इकडचा जाम. "सांग, बापडी कशी येईन?" काकू हळूहळू शांत झाल्या. दोन घास जेवल्यासुद्धा.

काका मला फाटकापर्यंत सोडायला आले. वरून एक विमान रायपूरकडे चाललं होतं. ते दिसेनासं होईपर्यंत काका पाहत राहिले.

"दोनच घंटे लागतात, मले मालूम आहे," ते हळूच म्हणाले. "पन दोनच घंटे मानले, तर मंग पोरगी कावून येत नाही, याचा जवाब काय देऊ? तुह्या काकूले सोड, मले सोताले काय सांगू?"

 

परवा मी पुन्हा बंगलोरहून आलो. काका फाटकाशीच उभे होते.

"किती टाइम लागला रे?"

"विचारू नका, काका. पार दिवस गेला."

काकांनी माझ्या हातातली बॅग घेतली आणि घराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "आयकलं का? इतका धडधाकट मानूस थकून गेला. लेकराले घेऊन पोरगी कशी येईन?"