साळूमावशी नापास झाली त्याची गोष्ट

एका जंगलात, बालमित्रांनो, सगळ्यांकडे गिटारी होत्या आणि एकाचीही सुरात नव्हती.

गिटारी जंगलात आल्या कुठून, हे विचारू नका. फॅशन कुठून येते हे कोणालाच माहीत नसतं. आधी माकडांनी घेतल्या. माकडांकडे आहेत म्हणून हरणांनी घेतल्या. मग गव्यांनीही घेतल्या, आणि गव्याच्या खुराने तार कशी छेडणार हे कोणी विचारलं नाही.

जंगलातली हवा दमट. महिन्याभरात गिटारीची मान वाकायची, तार मानेवरच्या आडव्या पट्ट्यांना घासायची आणि घसा बसल्यासारखा खरखर आवाज यायचा. मग मालक काय करायचा? गिटार दरीत फेकायचा आणि नवी आणायचा.

त्या दरीच्या तोंडाशी, एका बिळात, साळूमावशी नावाची साळिंदर राहत होती. तिच्या दारात गिटारी पडत. एके दिवशी तिने त्यातली एक उचलली आणि उघडून पाहिली.

ती काही एका दिवसात शिकली नाही. पहिली गिटार तिने मोडली. दुसरीचं पोट फोडलं. सात गिटारी तिने कायमच्या बिघडवल्या. आठवी बोलली.

आठवीने तिला एक गुपित सांगितलं. गिटारीच्या मानेच्या आत लोखंडाची एक सळई असते. मान वाकली की ती सळई पाव फेरा फिरवायची. फक्त पाव. मग थांबायचं, गिटार एक दिवस तशीच ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी कान लावून ऐकायचं. तारेची खाच कोरायला मावशी स्वतःचा गळलेला काटा वापरायची. चीर बुजवायला झाडाचा डिंक.

हळूहळू लोक येऊ लागले. मावशी दुरुस्त करून द्यायची, पण एका अटीवर.

"इथं माझ्या शेजारी बसायचं आणि बघायचं," ती म्हणायची. "पुढच्या वेळी तुमची तुम्ही करायची. मी काय जन्मभर पुरणार आहे?"

तिला खरंच तसं वाटायचं. आपल्या हातात जे आलंय ते आपल्याबरोबर बिळात पुरलं जाऊ नये, एवढीच तिची इच्छा. दर रविवारी तिच्या दारात पाच-सहा जण बसू लागले. ससा तर अर्धा दिवस बसला. दुपारनंतर त्याला कंटाळा आला आणि तो निघून गेला.

हे कोल्हेसरांच्या कानावर गेलं.

कोल्हेसर कशाचे सर होते हे कोणाला ठाऊक नव्हतं. पण सगळे त्यांना सर म्हणत, म्हणून ते सर होते. ते बिळाशी आले आणि सगळीकडे कौतुकाने बघू लागले.

"मावशी, तुमचं कार्य थोर आहे," ते म्हणाले. "पण ते असंघटित आहे."

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे तुम्ही नुसतं शिकवता. अभ्यासक्रम कुठाय? हजेरीपट कुठाय? उद्या एखादा शिकला, तर तो शिकलाय हे सिद्ध कसं होणार?"

"गिटार वाजेल की," मावशी म्हणाली.

कोल्हेसर हसले. लहान मुलाकडे बघून मोठे हसतात तसे.

पंधरा दिवसांत वडाखाली 'अखिल वन गिटार दुरुस्ती कौशल्य केंद्र' उघडलं. उद्घाटनाला मावशीचा सत्कार झाला. तिला शाल पांघरली. ती काट्यांत अडकून फाटली, तरी टाळ्या वाजल्या. दोन दिवसांचा वर्ग आणि तिसऱ्या दिवशी प्रमाणपत्र, अशी सोय होती. पहिल्या महिन्यात सत्तेचाळीस प्रमाणित दुरुस्तीकार तयार झाले. अर्ध्या दिवसाच्या प्रत्यक्ष अनुभवामुळे ससा थेट परीक्षक झाला.

मग जंगलाच्या महाराणी वाघीणबाईंच्या पंजाचा ठसा घेऊन एक नियम निघाला. प्रमाणपत्राशिवाय कोणीही गिटारीला हात लावू नये. लावल्यास हद्दपार.

"तुम्हाला काय अवघड आहे?" कोल्हेसर मावशीला म्हणाले. "एक छोटी तोंडी परीक्षा द्या. नुसता उपचार."

मावशी अंघोळ करून, काटे विंचरून परीक्षेला गेली. समोर ससा बसला होता. त्याने तिला ओळख दाखवली नाही.

"दुरुस्ती म्हणजे काय? व्याख्या सांगा."

"आधी वाजत नव्हतं, आता वाजतंय. ती दुरुस्ती."

"पुस्तकात पाच मुद्दे आहेत," ससा म्हणाला. "दुरुस्तीचे प्रकार किती?"

"जेवढ्या गिटारी तेवढे."

"चार," ससा म्हणाला आणि काहीतरी लिहिलं.

"अरे, एखादी मोडकी गिटार तरी दे समोर," मावशी काकुळतीने म्हणाली. "करून दाखवते."

"प्रात्यक्षिक पुढच्या वर्षीपासून सुरू करतोय."

मावशी नापास झाली. घरी येऊन तिने आपले काटे, डिंक, हत्यारं एका पानात गुंडाळली आणि बिळाच्या तळाशी ठेवून दिली. दारात गिटारी पडत राहिल्या. ती त्यांच्याकडे पाठ करून बसायची. पण कान काही वळवता येत नाहीत. दरीत पडताना प्रत्येक गिटार काय दुखतंय ते सांगत जायची, आणि मावशीला ते कळायचं.

इकडे वनमहोत्सव जवळ आला. वाघीणबाई दरवर्षी महोत्सवात स्वतः गिटार वाजवत. नेमकी त्यांचीच गिटार खरखरू लागली. केंद्रात धावपळ उडाली. सत्तेचाळीस प्रमाणित दुरुस्तीकार जमले. त्यांनी गिटारीची पाहणी केली, पाहणीचा अहवाल केला, अहवालावर चर्चासत्र घेतलं. शेवटी एका उत्साही माकडाने सळईचे चार पूर्ण फेरे फिरवले.

कडकन आवाज झाला. मान चिरली.

कोल्हेसरांनी अहवालात शेवटची ओळ घातली: 'सदर गिटार प्रशिक्षित हातांना सहकार्य करत नाही.'

वाघीणबाईंनी अहवाल वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः गिटार पाठीवर टाकून दरीच्या तोंडाशी आल्या.

"साळू, एवढं बघ गं."

"बाईसाहेब, मी नापास आहे," मावशी म्हणाली. "तुमच्याच नियमाने मला हात लावता येत नाही."

"मी कुठं हात लाव म्हणतेय? नुसती इथं ठेवून जाते."

वाघीणबाई गेल्या. मावशी तासभर गिटारीकडे बघत बसली. मग एक पाऊल पुढे झाली. मग तिने चिरेवर नाक टेकवलं. मग, बालमित्रांनो, ती बिळाच्या तळाशी गेली आणि पानाची गुंडाळी घेऊन आली. चार फेरे तिने एकेक पाव करून उलटे सोडले. चिरेत डिंक भरला, वेलीने मान करकचून बांधली आणि तीन दिवस तिच्याजवळ शिंकलीसुद्धा नाही.

महोत्सवात गिटार अशी वाजली की गवे खाली बसून ऐकू लागले. कोल्हेसर टाळ्या वाजवत उठले. "आमच्या केंद्राच्या—" इतकं म्हणाले आणि थांबले. चिरेवर डिंक दिसत होता. डिंक अभ्यासक्रमात नव्हता.

"बाईसाहेब, हा नियमभंग आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

मावशीला समोर आणलं. तिने काही नाकारलं नाही.

वाघीणबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काम तू सोन्यासारखं केलंस. पण नियमावर माझ्याच पंजाचा ठसा आहे. मी काय करू?"

राजे-महाराजे फार हतबल असतात, मुलांनो. तरी बाईंनी दया दाखवली. हद्दपारी रद्द केली. त्याऐवजी मावशीने कोल्हेसरांच्या नव्या सहा महिन्यांच्या प्राथमिक वर्गात बसावं, अशी शिक्षा झाली.

मावशी शेवटच्या बाकावर बसली. शेजारी रानडुक्कर होता. समोर कोल्हेसर 'गिटार दुरुस्ती: उगम आणि भवितव्य' यावर बोलत होते. ते तीन आठवडे उगमावरच होते.

रानडुकराने बाकाखाली स्वतःची गिटार लपवली होती. तो हळूच म्हणाला, "मावशी, ही खरखरतेय. घट्ट पिळू का?"

"पिळू नका, दादा. आधी ऐका. कोणत्या पट्टीवर खरखरतेय?"

रानडुकराने कान लावला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट ऐकलं. "पाचव्या."

"हं. आता पाव फेरा. पाव म्हणजे पाव."

तार टणत्कारली. कोल्हेसर थांबले. "कोण वाजवतंय मागे?"

"सर, तुमच्या वाक्याला दाद दिली," रानडुक्कर म्हणाला.

कोल्हेसर खूश झाले आणि उगम आणखी आठवडाभर लांबला.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर चौघे होते. महिन्याभराने वर्ग मागून पुढे भरू लागला. पहिल्या बाकावर फक्त परीक्षक ससा उरला. ज्याला पाव फेरा जमला, तो शेजारच्याला शिकवू लागला. मोडायच्या तेवढ्या मोडल्या, तेव्हा मावशी नुसतं म्हणायची, "माझ्या सात गेल्या होत्या."

सहा महिन्यांनी जंगल सुरात वाजू लागलं. दरीत गिटारी पडायच्या थांबल्या. वाघीणबाईंनी कोल्हेसरांना 'वनभूषण' दिला. भाषणात सर म्हणाले, की यशाचं श्रेय त्यांच्या व्याख्यानांना आहे. कोणी हसलं नाही. सगळे तारा जुळवत होते.

निकाल लागला. वर्ग शंभर टक्के पास झाला. एक सोडून.

"तुमचं वर्गात लक्ष नसतं," ससा मावशीला म्हणाला. "सारखं शेजाऱ्यांशी बोलणं. परत नापास."

"म्हणजे पुढच्या वर्षीही वर्गात बसावं लागेल?" मावशीने मान खाली घालून विचारलं.

"बसावंच लागेल!"

"बरं," मावशी म्हणाली. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली आणि शेवटचा बाक पुसून घेतला.

तात्पर्य: बालमित्रांनो, मोठे झालात आणि एखादी उत्तम शिक्षणसंस्था काढावीशी वाटली, तर सगळ्यात जाणत्या कारागिराला शोधा, त्याला नापास करा आणि मागच्या बाकावर बसवा. बाकी संस्था कोणीही चालवू शकतो.