बाथरूमचं अस्तर

"मास्तर, तुमच्या बाथरूममध्ये माणूस अंघोळ करत नाही. सुटका करून घेतो!"

कंपाउंडर हे जिन्यात, चार शेजाऱ्यांसमोर म्हणाला आणि पैजेला तिथेच तोंड फुटलं.

टेलरमास्तर तिसऱ्या मजल्यावर, कंपाउंडर बरोबर त्यांच्या खाली. दोघांच्या बाथरूमच्या खिडक्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडायच्या, त्यामुळे कंपाउंडरकडे पक्की माहिती होती. "आधी तांब्याचा आवाज येतो, मग एक किंकाळी, मग दार धाडकन. दोन मिनिटं. मी मोजलंय."

चारही शेजारी हसले. मास्तरांना झोंबलं, कारण खरं होतं. उत्तरेकडची भिंत, पांढऱ्या फरशा, पांढरी ट्यूब आणि दाराच्या फटीतून येणारा वारा. आत शिरलं की वाटायचं, आता कोणीतरी येऊन आपलं ऑपरेशन करणार.

"शनिवारी माझ्या सासूबाई येतायत," मास्तर म्हणाले. "त्या माझ्या बाथरूममध्ये अर्धा तास काढतील. आरामात. बोल, लावतोस?"

"अर्धा तास? त्या गेल्या वेळी अर्धा दिवस आधी पळाल्या होत्या!"

"लावतोस का ते सांग."

"लावली. पण अर्ध्या तासाच्या आत तुम्ही बाहेरून दाराला हात लावलात, तर हरलात. आणि हरेल त्याने रविवारी सकाळी नऊला खाली चौकातल्या नळावर थंड पाण्याने अंघोळ करायची. सगळ्यांसमोर. गाणं म्हणत."

टाळी पडली. मास्तर घरी आले तेव्हा बायकोच्या कानावर सगळं आधीच गेलेलं होतं.

"तुम्हाला पैज सुचतेय," ती शांतपणे म्हणाली. तिचा हा शांतपणा मास्तरांना उत्तरेच्या भिंतीपेक्षा गार वाटायचा. "आई एकटी राहते. दोन महिन्यांपूर्वी घसरून पडली, तासभर कोणाला पत्ता नव्हता. मी तिला कायमची इथे ये म्हणते, तर ती म्हणते, घर छान आहे, पण त्या बाथरूमात मी म्हातारपण काढणार नाही. या खेपेला ती परत गेली ना, तर मीही तिच्याबरोबर जाणार. तुम्ही बसा इथे गाणी म्हणत."

मास्तरांनी त्याच दुपारी मशीनवर तेल सोडलं.

आता दुसरा कोणी असता तर गवंडी बोलावला असता. मास्तर टेलर. त्यांच्या लेखी जगातली कुठलीही गार वस्तू म्हणजे अस्तर न लावलेला कोट. त्यांनी खिडकीला रजईसारखा जाड पडदा शिवला. स्टुलाला गादी केली. नळाला लोकरीचं टोपडं चढवलं. ट्यूब काढून पिवळा दिवा लावला आणि जमिनीवर मेंढीसारखा केसाळ गालिचा अंथरला. शेवटी दाराची फट टेपने मोजली आणि चौकटीला चारही बाजूंनी जाड लोकरीची पट्टी चिकटवली. दार असं घट्ट बसलं की मास्तरांना स्वतःचाच अभिमान वाटला. "याला म्हणतात फिटिंग!"

फक्त एक गोष्ट राहिली. माप त्यांनी कोरड्या लोकरीचं घेतलं होतं.

शनिवारी सकाळी सासूबाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर मास्तरांचा हात अजूनही आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा. आठ वाजता त्या टॉवेल घेऊन उठल्या. तोही मास्तरांनी नुकताच इस्त्री फिरवून गरम केलेला.

"जावईबापू, टॉवेल गरम कसा?"

"आमच्याकडे असाच असतो, आई."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि आत गेल्या. कडी लागली. बायको भाजीला गेली होती. कंपाउंडर घड्याळ घेऊन हॉलमध्ये येऊन बसला.

दोन मिनिटं झाली. किंकाळी नाही. पाच झाली. दहाव्या मिनिटाला आतून चक्क गुणगुणणं ऐकू आलं. मास्तरांनी कॉलर ताठ केली.

"गाण्याची तयारी कर बाबा," ते म्हणाले. "सूर काळी चारचा लाव. चौक मोठा आहे."

पंधराव्या मिनिटाला दार दोनदा खडखडलं. मग धप्प असा आवाज झाला. मग काहीच नाही.

"काय झालं?" कंपाउंडर म्हणाला.

"कपडे अडकवत असतील."

सतरा. अठरा. पाणी बंद, गुणगुणणं बंद. डक्टमधून कुजबुज आल्यासारखं वाटलं, पण इमारतीत सकाळी कोणी ना कोणी कुजबुजतच असतं. मास्तर दबक्या पावलांनी दारापाशी गेले. चौकटीतली लोकर वाफेने फुगून टम्म झाली होती. दार चौकटीत असं रुतलं होतं, जणू भिंतीचाच भाग.

"आई?"

उत्तर नाही.

"आई, पाणी गरम आहे ना?"

कंपाउंडरने घड्याळ पाहिलं. "बावीस. मास्तर, हात लावायचा नाही हं दाराला." पण त्याचाही आवाज आता पैजेचा राहिला नव्हता.

तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन बायको आली. दोन पुरुष बाथरूमच्या दाराला कान लावून उभे. "आई कुठेय?"

"आत," मास्तर म्हणाले.

"किती वेळ?"

"पंचवीस मिनिटं," कंपाउंडरने तत्परतेने सांगितलं आणि लगेच पस्तावला.

"आई! आई गं!" बायकोने हाक मारली. आत टप... टप... नळ गळत होता. तिच्या हातातून पिशवी सुटली, टोमॅटो पार कपाटाखाली गेले. "अहो, त्या दिवशीही ती अशीच गप्प पडली होती! उभे काय राहिलात?"

 अठ्ठावीस मिनिटं झाली होती. मास्तरांच्या डोळ्यांसमोर चौकातला नळ आला, गॅलऱ्यांतले चेहरे आले. आणि मग मनातच गालिच्यावर आडवा पडलेला चष्मा दिसला. नुसता चष्मा. त्यांनी मशीनवरची मोठी कात्री उचलली.

"मास्तर!" कंपाउंडर ओरडला. "एकच मिनिट राहिलंय! एकोणतीस झाली!"

"खड्ड्यात गेलं तुझं मिनिट!"

वीस वर्षं कोणाला हात लावू न दिलेली कात्री त्यांनी फटीत खुपसली आणि स्वतः चिकटवलेली लोकर टराटरा कापली. कात्रीचं टोक मोडलं. मग त्यांनी खांदा दिला. कंपाउंडरनेही मागून खांदा दिला. रुतलेलं दार एकदम सुटलं आणि मास्तर थेट गालिच्यावर आडवे झाले. गालिचा ओल्या फरशीवरून सुसाट सरकला आणि बरोबर सासूबाईंच्या पायांशी येऊन थांबला.

सासूबाई गादीच्या स्टुलावर पिवळ्या दिव्याखाली बसल्या होत्या. नीट साडी नेसून. हातात कंगवा. चष्मा नाकावर.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "पाया पडायची एवढी घाई?"

"आई, तुम्ही बोलत का नव्हता!"

सासूबाईंनी कंपाउंडरकडे पाहिलं. "किती?"

"एकोणतीस मिनिटं, वीस सेकंद."

"अरेरे," सासूबाई म्हणाल्या. आणि खिडकीच्या पडद्याआडून, खालच्या मजल्यावरून, कंपाउंडरच्या बायकोचा आवाज आला, "मावशी, हरलात हो!"

मास्तरांना काही कळलं नाही. सासूबाईंनीही दिवसभर पत्ता लागू दिला नाही.

रविवारी नऊला सगळ्या गॅलऱ्या भरल्या. मास्तर बनियन आणि अर्ध्या चड्डीत नळाखाली बादली लावून उभे. कंपाउंडर समोर, पण त्याचा चेहरा काही जिंकल्यासारखा नव्हता. "मास्तर, पाणी कोमट करून आणू का? कोणाला सांगणार नाही."

"पैज ती पैज," मास्तर म्हणाले आणि पहिला तांब्या डोक्यावर ओतला. गाण्याची पहिली ओळ किंकाळीतच निघाली. चार लोकांना तीच चाल वाटली.

दुसरा तांब्या उचलला, तेवढ्यात जिन्यातून सासूबाई उतरल्या. एका हातात गादीचं स्टूल, दुसऱ्या हातात टॉवेल. इस्त्री केलेला, वाफाळता.

"थांबा," त्या म्हणाल्या. प्रार्थनेच्या तासाचा आवाज. वरच्या गॅलरीतला चहा पिणाराही थांबला. "माझीही फेड बाकी आहे."

स्टूल मांडून त्या बसल्या. "काल माझं दार अडकलं. दोनदा ओढलं, खांदाही लावला, हलेना. खिडकीतून खाली हाक मारली, तर या कंपाउंडरच्या बायकोने मला तुमची पैज सांगितली. मी म्हटलं, आता जावई दाराला हात लावत नाही. घड्याळ बघत बसेल. ही म्हणाली, मावशी, फोडतील. मी म्हटलं, अर्ध्या तासाच्या आत फोडलं, तर मी कायमची इथे राहीन. आणि गप्प बसले."

गॅलरीत मास्तरांच्या बायकोने तोंडावर पदर धरला. हसत होती की रडत होती, खालून कळेना.

"तर, ऐका सगळे. मी हरले. मी राहतेय." सासूबाईंनी टॉवेल मांडीवर नीट घडी घालून ठेवला.

मास्तर ओलेत्याने पुढे आले आणि टॉवेलसाठी हात पसरला.

"अंहं," सासूबाई म्हणाल्या. "बादली अजून अर्धी आहे. आणि पहिल्या ओळीपासून म्हणा. मागच्या गॅलरीत ऐकू गेलं नाही."