थांबायला मंडळाची परवानगी

इंग्लंडातल्या हॅदरबी गावच्या डेसमंड थ्वेटची मोटरसायकल थांबत नसे. ही तक्रार नव्हे, नोंद आहे. गाडी एकोणीसशे अडतीस सालची, आणि ती अडतीस सालीही थांबत नव्हती. पुढचा ब्रेक दाबला की तिचा आवाज तेवढा बदले आणि आपण सांगून पाहिलं, एवढं समाधान चालवणाऱ्याला मिळे.

तरी त्याचं छान चाललं होतं. आमच्या जुन्या मोटरसायकलींच्या मंडळाची दर उन्हाळ्यात फेरी निघते, टेकडीवरून खाली पबपर्यंत. सर्वांत अस्सल गाडीला बक्षीस असतं. पबसमोर बदकांचं तळं आहे. डेसमंड बायकोला, म्हणजे हिल्डाला, मागे बसवून उतरायचा आणि तळ्याच्या अलीकडे चर्चच्या चढावर गाडी घालायचा. चढावर ती दमून थांबे. लग्नाआधीपासून दोघं अशीच थांबत आली होती. यंदा पालिकेने त्या चढाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले.

"आता ब्रेक सुधारून घे," हिल्डा म्हणाली, "नाहीतर मी मागे बसायची नाही. आणि तू तरी कशाला जातोस जीव द्यायला?"

हिल्डाशिवाय फेरी ही कल्पनाच डेसमंडला सोसेना. त्याने चौकशी केली. त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाच्या ड्रममध्ये ब्रेकचे दोन शू, म्हणजे आतून दाबून चाक अडवणारे तुकडे, होते. त्यातला एक नेटाने राबे, दुसरा हजेरी लावून बसे. ड्रमला हल्ली असं झाकण मिळतं, ज्यात दोघांनाही कामाला जुंपलेलं असतं. बाहेरून फरक कळतही नाही. ते आणून गुपचूप बसवलं असतं तर विषय संपला असता. पण तो पडला इंग्रज. त्याने मंडळाकडे परवानगी मागितली.

बैठक चर्चच्या सभागृहात भरली. चहा झाला, बिस्किटं झाली, हवेला नावं ठेवून झाली. मग अध्यक्ष बेसिल ऑर्मरॉड यांनी चष्मा पुसला.

"डेसमंड, कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी थांबत होती का?"

"नाही, अध्यक्षमहोदय."

"मग आज तिने का म्हणून थांबावं?"

"समोर तळं आहे."

"तळं तेव्हाही होतं."

"तेव्हा चढ मोकळा होता हो."

"म्हणजे दोष खांबांचा आहे, ब्रेकचा नाही," ऑर्मरॉड शांतपणे म्हणाले. "अरे, आज तू थांबशील, उद्या सगळेच थांबायला लागतील. मग जुनं म्हणून जपायचं काय?"

सभेने माना डोलावल्या. त्या बसून राहणाऱ्या शूबद्दल कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांना तर विशेष आपुलकी वाटली. अर्ज एकमताने फेटाळण्यात आला.

मंडळ निर्दय मात्र नाही. तातडीने सुरक्षा उपसमिती नेमण्यात आली. गाडीला हात न लावता बाकीच्या जगात सुधारणा करावी, असं तिने सुचवलं. त्यानुसार तळ्याकाठी वाळल्या गवताचे गठ्ठे रचायचे ठरले. लगेच हरकत आली, की यंत्राने बांधलेले चौकोनी गठ्ठे त्या काळाला शोभत नाहीत. म्हणून गवत सुटं पसरण्यात आलं. ते मेंढ्यांनी खाल्लं. मेंढ्या अस्सल स्थानिक जातीच्या असल्याची नोंद इतिवृत्तात समाधानपूर्वक करण्यात आली.

एव्हाना फेरीतून नाव मागे घेणं डेसमंडला शिष्टाचाराला धरून वाटेना. फेरीच्या सकाळी त्याने हेल्मेट चढवलं आणि सवयीने मागे पाहिलं. सीट रिकामी होती. हिल्डा टॉवेल, थर्मास आणि घडीची खुर्ची घेऊन चालू लागली होती.

"कुठे निघालीस?"

"तळ्यावर. तू येशीलच तिकडे."

तो आला. येताना वाटेतल्या प्रत्येकाला "माफ करा हं" म्हणत आला. ब्रेकने इतिहासाशी इमान राखलं. शेवटी डेसमंडने दोन्ही पाय जमिनीवर घासले, पबच्या दारातल्या मंडळींना मान लववली आणि तो बदकांत शिरला.

परीक्षक काठावर जमले. गाडीचं वर्तन अडतीस सालाबरहुकूम असल्याचा निर्वाळा देऊन पहिलं बक्षीस जाहीर झालं. मग कुणीतरी डेसमंडचे बूट पाहिले. त्यांचे तळ नव्या पद्धतीच्या रबराचे निघाले. थांबण्यासाठी आधुनिक सामग्री वापरल्याबद्दल बक्षीस रद्द झालं.

हिल्डाने त्याला टॉवेलात गुंडाळलं. थर्मासमधला चहा कपात ओतला. तो तिने नवऱ्याच्या हातात दिला.

"बेसिल," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मागे तू बस."

ऑर्मरॉड यांना अचानक आपली दुखरी कंबर आठवली.

दोघं नवरा-बायको बसने घरी गेली. त्यांच्या थांब्यावर बस थांबली, तेव्हा डेसमंडने ड्रायव्हरचे जरा जास्तच आभार मानले. मला अध्यक्षांनी आपल्या नव्या कोऱ्या मोटारीतून सोडलं. वाटेत एक बदक आडवं आलं. ऑर्मरॉड यांचं लक्ष नव्हतं, पण गाडी आपणहून जागच्या जागी थांबली.

"बघितलंस? हल्ली काय सोय केलीय लेकांनी," ते कौतुकाने म्हणाले.

तुम्ही म्हणाल, इंग्रज वेडेच. खुशाल म्हणा. फक्त 'आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे' म्हणून तुमच्या घरी जे चालू आहे, त्याच्या मागच्या सीटवर कोण बसलंय, ते एकदा वळून बघा.