मर्गिलानच्या काठोकाठ पेल्याची फत्ते

श्री. विज्ञापना ऐसीजे. फरगाना प्रांती मर्गिलान शहरी, रेशीम विणणारांच्या महल्ल्यात, मुकद्दस-ओपा (ओपा म्हणजे थोरली ताई) साहेबांनी काचेच्या पेल्यांनिशी जी मोहीम मांडली आणि जिभेवर जखम घेऊन सर केली, तिची हकीगत पुढिलांस कळावी म्हणोन लिहिली असे. तपशिलात कमीजास्त जाहले तर टीव्हीचा दोष, लिहिणाराचा नव्हे.

ऐसियास, ते साली तुर्की मालिकेचा अंमल घरोघर बैसला. मालिकेत समुद्रकाठच्या हवेलीत एक सासूबाई नांदत, त्यांस हानम म्हणत, आणि हानम करतील तो कायदा. हानमांनी केस कापिले, मग महल्ल्यातील कमरेइतक्या वेण्या एकापाठोपाठ गारद जाहल्या. हानम लांब कोट घालोन दिवाणखान्यात बैसल्या, आणि मर्गिलानच्या बायका भर उन्हाळ्यात कोट चढवून घामाने निथळू लागल्या, परंतु एकीनेही बटण काढिले नाही.

त्यात मुकद्दस-ओपांची कन्या दिलरबो हिजला रिश्तानच्या कुंभारघराण्यातून मागणी आली. मुलगा इल्योस, दिलरबोचे मन त्याजवर आधीच बैसले होते. घराण्याचा शब्द आजोबांचे हाती, ते तोशमत-बोबो, निळ्या झिलईच्या पियाल्या, म्हणजे चहाच्या बिनकानी वाट्या, घडविण्यात उभी हयात गेलेली. बोबोंनी नान तोडिली तर सोयरीक पक्की, न तोडिली तर मोडली.

मग मुकद्दस-ओपा साहेबांचा हुकूम सुटला, की जमिनीवरील गाद्या आणि बुटके मेज अडगळीत रवाना करावे, कोपऱ्यात हानमांसारखा उंच सोफा यावा, आणि पियाल्या बाद करून बारीक कमरेचे तुर्की काचपेले दाखल व्हावे. यजमान एर्गश-आका यांनी अर्ज गुजारिला, "अगं दिलरबोच्या आई, तो म्हातारा पियाल्या घडवणारा माणूस. त्याच्यापुढे काच ठेवतेस?"

"तुम्ही गप्प बसा हो. हानम काय ओंजळीनं चहा पितात?"

अर्ज नामंजूर जाहला, आणि आका अंगणात पलावाच्या कढईपाशी जाऊन गाजरे कापीत राहिले.

नेमल्या दिवशी रिश्तानची स्वारी आली. बोबोंस सोफ्यावर बैसविले. सोफा उंच, बोबो ठेंगणे, सबब पाय अधांतरी लोंबत राहिले. शेजारी इल्योसच्या मातोश्री होसियत-ओपा. मग मुकद्दस-ओपा साहेब खासा कोट घालोन चहादाणी घेऊन आल्या आणि हानमांप्रमाणे मनगट वळवून बोबोंचा पेला काठोकाठ भरिला.

येथे घात जाहला. या मुलखी पाहुण्यास चहा ओतावा तो दोन घोट. पियाली जितकी रिकामी तितका मान थोर, कारण पुन्हा पुन्हा ओतावयाचे असते. काठोकाठ भरली म्हणजे आता उठा, वाट धरा. महल्ल्यातील शेंबडे पोरही हे जाणते. परंतु ओपा साहेबांचे नजरेपुढे त्या घडीस हानम, महल्ला नव्हे.

बोबोंनी पेल्याकडे पाहिले. मग दोन्ही हात तोंडावरून फिरवून उठतेवेळची दुवा उरकली आणि पाय जमिनीस लावावयाची खटपट करू लागले. "चला सूनबाई. आपल्याला निरोप मिळाला. तोही काचेतून."

नान तशीच पडली होती. दारामागे दिलरबो, तिचा चेहरा पांढरा फटक. "आई, अगं, तू त्यांना हाकललंस!"

तेव्हा ओपा साहेबांस एकदम उमज पडला. हानमांच्या मालिकेचा कोणताही भाग येथे कामास येईना. मग त्यांनी कोट काढून फेकिला, बोबोंपुढील तो धगधगता पेला उचलिला, आणि उभ्या उभ्या वरचा अर्धा चहा घशाखाली लोटिला. डोळ्यांस धारा लागल्या, जीभ भाजोन निघाली, परंतु हात हलला नाही. उरलेला अर्धा पेला बोबोंपुढे ठेवून बोबड्या जिभेने बोलल्या, "बोबो, पहिला घोट यजमानिणीचा, ही आपलीच रीत ना? तुर्कांचा होता तेवढा मी पिऊन टाकला. आता उरलाय तो आपला."

मग होसियत-ओपा सासऱ्याचे कानाशी लागल्या, "बसा हो बोबो. हानमसुद्धा इतकं कधी करणार नाही."

"तूही बघतेस ते?" बोबोंनी पुसिले.

"तुमच्या भट्टीच्या वेळेला," होसियत-ओपा बोलल्या आणि नजर छताकडे वळविली.

बोबो ऐसे हसले की सोफ्यावरून घसरोन जमिनीवर आले, आणि जमिनीवरच आरामात मांडी घातली. मग गाद्या अडगळीतून बहाल जाहल्या, पलाव आला, बोबोंनी अर्ध्या अर्ध्या पेल्याने चहा घेतला, आणि दिवस कलता नान हाती घेऊन मधोमध तोडिली.

ऐसी फत्ते जाहली. ओपा साहेबांस लेकीच्या साखरपुड्याचा पलाव बेचव लागला, ही जखम दप्तरी दाखल असे. पुढे रिश्तानच्या भट्टीतून बारीक कमरेचे निळे मातीचे पेले निघाले, कमरेशी एक पांढरी रेघ. रेघेखाली चहा म्हणजे बैसा, रेघेवर गेला म्हणजे उठा. ते पेले हानमांचे म्हणोन बाजारी खपतात, आणि मागणी इतकी, की बोबोंस मालिका पाहावयास फुरसत नाही.