तांबटकन्या सगुणा व वाफेचा हंडा, याची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून, जें घडलें तें पदरचें कांहीं न घालतां लिहितों. शके सत्राशें चौपन्न, नंदननाम संवत्सरीं, एका राज्यांत महाराजांचे मनीं आलें कीं, मुलांनीं गणित व पदार्थविज्ञान इंग्रजींतच शिकावें, परीक्षाही त्याच भाषेंत द्यावी. आणि परमुलखींचा मास्तर आणवून दिवाणखान्यांत शाळा मांडिली. तेथें भानजी तांबटाची चौदा वर्षांची कन्या सगुणा जात असे. हंड्यांत पाणी किती मावेल, तें ती दोरीनें घेर मोजून बापास तोंडीं सांगे. आणि परीक्षेस तोच हिशेब आला, परंतु काय विचारलें हेंच तिला उमजेना, मग कोरा कागद ठेवून उठली. चाळिसांत तेहतीस कागद कोरे निघाले. मास्तरांनीं मंदबुद्धी ऐसा शेरा मारिला. सगुणेची जिवलग वेणू मात्र पहिली आली.

मग विपरीत दिसों लागलें. मास्तरांनीं बोट उचललें कीं सारीं मुलें एका दमांत इंग्रजी वाक्य म्हणत, आणि सर्वांचे मुखीं हेल मास्तरांचा. पापणी कोणाची लवत नसे. सगुणा वाटेनें वेणूस अर्थ पुसे, तों वेणू तेंच वाक्य त्याच हेलांत पुन्हां म्हणे आणि चालू लागे. सगुणेचे अंगावर कांटा येई.

पुढें महाराजांनीं पाणी उपसण्याचें बाष्पयंत्र आणविलें, आणि पहिली आली म्हणून वेणूस त्याजपाशीं उभें करून दरबार भरविला. विस्तव पेटला, यंत्राचा हंडा गुणगुणों लागला, मग गुणगुण थांबली आणि पत्रा माणसासारखा कण्हों लागला. तो आवाज सगुणेनें बापाचे कारखान्यांत ऐकिला होता. ती गर्दी सारून पुढें आली आणि म्हणाली, "वेणू, वाफ कोंडलीय. तोटी उघड."

वेणूनें तिजकडे पाहिलें आणि वाफेची इंग्रजी व्याख्या म्हणों लागली, एक अक्षर न चुकतां. आणि मागील मुलेंही त्याच स्वरांत म्हणों लागलीं, आणि हंड्याचें पोट फुगत चाललें, परंतु कोणी जागचें हालेना. मग सगुणेनें पदर हातास गुंडाळून तोटी फिरविली. वाफ किंचाळत निघाली, हात कोपरापर्यंत भाजला, दरबार वांचला.

महाराजांनीं जवळ बोलावून पुसलें कीं, इतकें कळतें तर कागद कोरा कां ठेविला.

सगुणा म्हणाली, "उत्तर येत होतं, महाराज. काय विचारलंय तेच कळत नव्हतं."

मग महाराजांनीं तेच प्रश्न मराठींत घातले, आणि तेहतिसांपैकीं एकोणतीस मुलांनीं ते सोडविले. शेवटीं वेणूस पुसलें, वाफ म्हणजे काय. वेणू म्हणाली, "पाठ सगळं आहे, महाराज. त्यात काय आहे, ते मला कुणी सांगितलंच नाही."

मग सगुणेनें तिला बापाचे भट्टीपाशीं नेऊन शिकविलें. जें पाठ होतें तें उमजावयास तीन महिने लागले. उमजलें त्या दिवशीं वेणू फार रडली. सगुणेचीं तीन बोटें जन्मभर वांकडींच राहिलीं.

एणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. परीक्षा पुढें दोहों भाषांत होऊं लागली, मास्तर स्वदेशीं गेले, आणि मंदबुद्धी हा शेरा दप्तरांतून खोडिला.