डॅशखालचं बटण

अकराच्या ठोक्याला गाडी चालू झाली नाही तर ती भंगारात जाणार, असं बायकोनं ठरवलं होतं. आणि बायकोनं ठरवलेलं हेडक्लार्कांना वीस वर्षांत एकदाही बदलता आलं नव्हतं. भंगारवाला तर दहालाच येऊन फाटकाशी उभा होता.

हेडक्लार्कांचा त्या जुन्या गाडीत जीव होता. तिच्यावर आळ आला तोही त्यांच्याच पायी. दर रविवारी मेव्हण्याकडे जेवायला जायचं ठरे, आणि मेव्हणा आपल्या मुतखड्याची हकिकत दर वेळी पहिल्या कळेपासून सांगे. त्यावर उपाय म्हणून हेडक्लार्कांनी डॅशखाली गुपचूप एक चोरबटण बसवून घेतलं होतं. एकदा दाबलं की इंजिनची ठिणगी बंद, पुन्हा दाबलं की सुरू. रविवारी ते किल्ली फिरवत, घाम पुसत, "हिचं काही खरं नाही!" म्हणत. सोमवारी तीच गाडी मुकाट ऑफिसला जाई.

गेल्या रविवारी बायको एवढंच म्हणाली, "मग काढूनच टाकू या." दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क ऑफिसच्या कामासाठी परगावी गेले, ते काल संध्याकाळी परतले.

आज रविवारी सकाळी त्यांनी हळूच बटण दाबलं आणि किल्ली फिरवली. इंजिन खर्र खर्र फिरलं, पण पेटेना. आता मात्र त्यांना खरोखरचा घाम फुटला. धावत जाऊन त्यांनी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला आणलं.

"बॅटरी ठणठणीत आहे," मेकॅनिक बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला. मग त्यानं कार्बोरेटर तपासला. "पेट्रोलही येतंय." शेवटी एक प्लग काढून त्यानं इंजिनला टेकवला आणि किल्ली फिरवायला लावली. "हे बघा, ठिणगीच नाही. करंट मध्येच कुठंतरी अडतोय."

तो डॅशखाली शिरला. हेडक्लार्क लगबगीनं दाराशी आले.

"साहेब, ही जादा वायर कसली?"

बायको पायरीवर उभीच होती. हेडक्लार्क घाईघाईनं म्हणाले, "ती रेडिओची."

"रेडिओ कुठाय?"

"काढला. तिकडे नका बघू, दुसरीकडे बघा."

मेकॅनिकनं बिचाऱ्यानं कॉइल पाहिली, डिस्ट्रिब्युटर पुसला, फ्यूज बदलले. हेडक्लार्क नुसते येरझाऱ्या घालत होते. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर गाडी जाते. बरं, बटण तर आपण सकाळीच चालू केलंय, मग सांगून तरी काय उपयोग?

अकराला पाच कमी असताना भंगारवाल्यानं गाडी ओढायला पिशवीतून दोर काढला. हेडक्लार्कांना राहवलं नाही. ते सगळ्यांसमोर बायकोला म्हणाले, "अगं, चूक गाडीची नाही, माझी आहे. खाली एक बटण आहे. तुझ्या दादाकडे जायचं टाळायला मीच ते..."

"दाबता. ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"चोराच्या मनात चांदणं! दर रविवारी किल्ली फिरवायच्या आधी वाकून चपलेचा पट्टा नीट करता. आणि तुमच्या चपलेला पट्टाच नाही."

मेकॅनिकनं हसू लपवायला पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"पण आज मी ते चालू केलं होतं गं!"

"बंद केलंत. चालू मी गुरुवारीच केलं होतं. एकटी दादाकडे जाऊन आले. एका झटक्यात निघाली बिचारी."

ती शेजारच्या सीटवर बसली, वाकली आणि बटण दाबलं. हेडक्लार्कांनी किल्ली फिरवली. गाडी लगेच गुरगुरू लागली. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"मग मी जाऊ का?" भंगारवाल्यानं विचारलं.

"जा. गाडीत काही बिघाड नाही," बायको म्हणाली. "ज्याच्यात आहे त्याला तुम्ही घेणार नाही."

मग तिनं दार लावून घेतलं. "चला आता. दादानं पानं वाढायला घेतली असतील. आणि बरं का, आता त्याला दुसरा खडा झालाय."