सतरावा अर्ज

"आज त्या रेफरीची शिट्टी कायमची बंद करून येतो!" सरांनी दारात बूट चढवता चढवता जाहीर केलं.

सर म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच. संघ हरला की दुसऱ्याच दिवशी रेफरीविरुद्ध अर्ज ठरलेला, म्हणून मुली त्यांना पाठीमागे 'अर्जसर' म्हणत. आजचा अर्ज सतरावा. आधीच्या सोळांना पुरावा नव्हता, पण या वेळी बायकोने अख्खी फायनल मोबाइलवर उतरवली होती! अर्ज मंजूर झाला तर फायनल पुन्हा होणार होती.

"अहो, निघण्याआधी एकदा व्हिडिओ बघून तरी घ्या," बायको म्हणाली.

"बघायचं काय त्यात? मी तिथेच उभा होतो की!"

आतल्या खोलीत त्यांची मुलगी सुजलेला पाय उशीवर ठेवून पडली होती. तीही त्याच संघातली. फायनलमध्येच पाय मुरगळला आणि आता महिनाभर खेळ बंद.

"तुझ्या पायाचंही लिहिलंय गं मी!" सर ओरडले. "मैदानात धक्काबुक्की चाललेली आणि हा रेफरी डोळे मिटून!"

मुलीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

समितीच्या खोलीत तीन सभासद बसले होते आणि कोपऱ्यात तो रेफरी, मान खाली घालून. सरांनी व्हिडिओ भिंतीवरच्या टीव्हीवर लावला.

"बघा! शेवटचे सहा सेकंद. आम्ही एका गुणाने मागे. आमची कॅप्टन बॉल घेऊन एकटी बास्केटकडे निघालीय आणि हे महाशय शिट्टी मारून खेळ थांबवतात! कशासाठी? विचारा त्यांना!"

विचारावं लागलंच नाही. टीव्हीवर सर दिसत होते. आधीच्या एका निर्णयाने पित्त खवळून त्यांनी स्टीलची बाटली बाकावर आपटली आणि पाठ फिरवून गुण लिहिणाऱ्या बाईंशी हुज्जत सुरू केली. बाटली घरंगळत मैदानात गेली. कॅप्टनमागून धावत येणाऱ्या सरांच्या मुलीचा पाय त्या बाटलीवर पडला आणि पोर धाडकन कोसळली. शिट्टी वाजली ती त्यानंतर.

पुढचं तर सरांना बघवेना. रेफरीने मुलीला आधार देऊन बाकावर बसवलं, बाटली उचलली, रुमालाने पुसली आणि सरांच्या हातात दिली. सरांनी न बघता दोन घोट पाणी घेतलं आणि ओल्या घशाने त्यालाच शिव्या द्यायला सुरुवात केली!

खोलीत कुणीही हसलं नाही.

"तुमच्या रिपोर्टमध्ये बाटली कुठेच नाही," अध्यक्ष रेफरीला म्हणाले.

"मुलीने हात जोडले, साहेब," रेफरी हळूच म्हणाला. "बाबांना सांगू नका, त्यांना फार लागेल, म्हणाली."

सरांनी अर्जाची चौघडी घातली आणि खिशात कोंबली. घर येईपर्यंत त्यांच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

मुलगी जागीच होती. सर तिच्या पायाशी बसले.

"बाबा, कुणाची चूक निघाली?"

'माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. पण जन्मात कधी म्हटलेलं नाही, जिभेला वळण कुठून असणार!

"रेफरीचं चुकलं!" सर बोलून गेले. मग तिच्या सुजलेल्या पायावर हात ठेवत म्हणाले, "मला बाटलीसकट तिथल्या तिथे बाहेर हाकलायला हवं होतं त्याने. हाकललं नाही."